हापशीपर्यंतचं शिंगरू

तेवीस मार्च, रविवार, होळीनंतरचा दुसरा. रक्कम एक हजार रुपये, पाचशेच्या दोन नोटा. हजर चौघं: शेजारची कुंभारीणबाई, चंद्रपूरला ऑटो चालवणारा तिचा मुलगा, नदीकाठचा एक विटाभट्टीवाला आणि मी. ज्याच्यासाठी हा बयाणा होता ते दोन वर्षांचं गाढवाचं शिंगरू अंगणातल्या कडुनिंबाला बांधलेलं होतं आणि आमच्याकडे पाठ करून उभं होतं.

भट्टीवाल्यानं ते सहा हजाराला मागितलं होतं. मुलगा द्यायला तयार होता, आई नव्हती. मुलाचं चूक होतं असंही म्हणता येणार नाही. होळीच्या चार दिवस आधी बाई शिंगराला पहिल्यांदाच दोरी लावून बोडीवर पाणी पाजायला नेत होती. दोरी हातातून सुटू नये म्हणून तिनं ती मनगटाला गुंडाळली होती. शिंगरू कशाला तरी बुजलं, त्यानं हिसका दिला आणि बासष्ट वर्षांच्या बाईच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. ब्रह्मपुरीला नेऊन प्लास्टर करावं लागलं. हात कुंभाराचा, तोही उजवा. चाक त्या दिवसापासून बंद.

"माय, हे जनावर तुले एक दिवस मारून टाकन," मुलगा म्हणाला. "आत्ता गिऱ्हाईक हाय तं देऊन टाक."

"अन् माती?" बाई म्हणाली. "बुढी गाढवी आणखी एखाद साल चालन. मंग माती काय तू ऑटोत आणशील? मीटर पाडून?"

भट्टीवाला हसला. मुलगा हसला नाही.

बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. उन्हाळ्यात ती आटते तेव्हा वरच्या कोपऱ्यातली काळी, चिकट माती बाई स्वतः निवडून खणते. ट्रॅक्टर तिथवर जात नाही आणि गेला तरी ट्रॅक्टरवाला सापडेल ती माती भरून आणतो. तसली माती चाकावर चढत नाही. बाई लग्न होऊन आली तेव्हापासून ही माती गाढवाच्या पाठीवरून येते. गाढवी थकल्यावर तिच्या जागी उभं राहायला हे एकच शिंगरू होतं. ते गेलं की वर्षा-दोन वर्षांत चाकही कायमचं थांबणार, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना कळत होतं. बाई जनावर चार वर्षांचं होईपर्यंत त्याच्या पाठीवर काही टाकत नाही. भट्टीवर मात्र दुसऱ्याच दिवशी विटा चढल्या असत्या.

शेवटी अट ठरली ती अशी. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शिंगरू दोरीवर अंगणातून बोडीपर्यंत जाऊन परत आलं आणि चारही पाय मुकाट्यानं हातात दिले, तर ते बाईकडे राहील. नाही तर भट्टीवाला उरलेले पाच हजार देऊन घेऊन जाईल.

"पन शिकवन कोन?" मुलानं विचारलं. "इचा तं हात मोडला."

"मी शिकवतो," मी म्हणालो.

माझ्या तोंडून ते कसं निघालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी राइस मिलमध्ये काट्यावर असतो. धान संपलं की मिल बंद होते, तशी ती आठवड्यापूर्वी बंद झाली होती. आठ दिवसांत मी घरातले सगळे डबे तोलून, त्यांच्यावर वजनाच्या चिठ्ठ्या लावून मोकळा झालो होतो. बसवत नव्हतं. शिवाय तरुणपणी वडिलांबरोबर मी सात गोऱ्हे औताला शिकवले होते. सातला सात. गाढव म्हणजे त्याहून काय वेगळं, असं मनात होतं.

बयाणाही माझ्याकडेच ठेवायचं ठरलं. "काटेवाल्याजवळ ठेवा. तो एक छटाक इकडचं तिकडं करनार नाई," भट्टीवाला म्हणाला. नोटा खिशात घालून मी घरी आलो आणि दारातच माझ्या लक्षात आलं, की शिकवणारा मीच, निकाल मोजणारा मीच आणि पैसे सांभाळणाराही मीच. हे काही बरोबर झालं नव्हतं. पण परत जाऊन तसं सांगायला जीभ रेटली नाही. ती गोष्ट एक्कावन्न दिवस टोचत राहिली.

"मिल बंद झाली तं आता गाढवाची शाळा काढली काय जी?" बायकोनं विचारलं.

"एकच विद्यार्थी आहे."

"अन् मास्तर बी एकच. निकाल मी आत्ताच सांगतो, पाह्यजे तं."

वाघामुळे पुरतं उजाडल्याशिवाय कोणी गल्लीबाहेर पडत नाही. म्हणून साडेसहा ते आठ ही वेळ ठरवली. आठनंतर ऊन उभं राहू देत नाही. मिलची एक जुनी वही घेतली आणि एका पानावर दिवस, पावलं आणि शेरा असे तीन रकाने आखले.

गोऱ्हा शिकवताना माणूस मागं असतो. कासरा मागून, हाक मागून, वेळ पडली तर टोचणीही मागून. गोऱ्ह्याच्या जोडीला म्हातारा बैल असतो, तो बाकीचं शिकवतो. माझ्या अंगात हे मुरलेलं. पहिल्या दिवशी मी शिंगराला म्होरकी घातली, लांब दोरी सोडली, मागं उभा राहिलो आणि वडिलांच्या आवाजात "होऽ होऽ" केलं. लाथ नडगीवर बसली. पावलं शून्य. दुसऱ्या दिवशी पुढून ओढलं. शिंगरानं ढुंगण खाली घेतलं, मान लांब केली आणि सगळा भार मागं टाकला. रोज क्विंटलची पोती तोलणारा माणूस आहे मी. ते जनावर नव्वद किलोच्या वर नसेल. पण हललं नाही. पावलं शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. चौथ्या दिवशी चार, तीही मागं.

बाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली असे. "चार लिहा, भाऊ," ती म्हणाली. "मागं गेला तं का झालं? पावलंच हायेत न्हवं?"

मी लिहिलं नाही. घाम पुसत ओट्याच्या कडेला टेकलो.

"थो बैल नाई, भाऊ," मग ती जरा बऱ्या आवाजात म्हणाली. "बैलाले मागून हाकलते. याच्या मागं उभं राह्यलं तं याले वाटते वाघ आला."

"मग कुठं उभं राहू?"

"खांद्यापाशी. अन् दोरी ढिली. मी नाई ठेवली, पाहा." तिनं प्लास्टर वर करून दाखवलं.

पाचव्या दिवसापासून तिनं मला चालू दिलंच नाही. जुनं पोतं घ्यायचं, शिंगराच्या मानेपासून चोळायला लागायचं आणि हळूहळू मागं जायचं. पोटाजवळ किंवा मागच्या मांडीवर हात गेला की त्याची कातडी थरथरायची. मी हात काढून घ्यायचो.

"नाई नाई, तिथंच ठेवा. थरथर थांबली का मंग काढा. थरथरताना काढला तं याले वाटन, थरथरलं का माणूस पळते."

हे सात दिवस मला सगळ्यात जड गेले. पावलांच्या रकान्यात सात शून्यं एकाखाली एक. शिंगरू उभं, मी उभा, वर कडुनिंबाचा फुलोरा गळतोय, आणि माझा डोळा घड्याळाकडं. गावातली माणसं बोडीकडं जाताना थांबून विचारायची, आज मालिश का? मला तिथून उठून कुठंही जावंसं वाटायचं आणि घरी गेलं की परत तिथं यावंसं वाटायचं. एके दिवशी बाई म्हणाली, "तुमी घडी पाह्यली का थो कान पाडते. पाहा तुमीच." मी पाहिलं. खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून घड्याळ घरी ठेवलं.

बाराव्या दिवशी पुढचा डावा पाय दिला. पंधराव्याला पुढचा उजवा. मागचे दोन मिळवायला एकोणतिसावा दिवस उजाडला. मधल्या काळात चालणंही सुरू झालं. दोरीवर एवढासा ताण द्यायचा, शिंगरानं अंग पुढं झुकवलं की त्याच क्षणी सोडायचा. ओढून पाऊल मिळत नव्हतं, सोडल्यावर मिळत होतं. तेराव्या दिवशी तीन पावलं. मग अकरा. मग सव्वीस. सत्तर. एकशे चाळीस. वही भरू लागली आणि माझी झोपही सुधारली.

आता वाटेचं सांगायला हवं. आमच्या घरांच्या ओळीतून बाहेर पडायला एकच गल्ली आहे. अंगणातून दोनशे बारा पावलांवर एक बंद पडलेली हापशी आहे, तिला सिमेंटचा ओटा आहे. हापशीच्या पुढं फाटा फुटतो; डावीकडं बोडी, उजवीकडं डांबरी रस्ता. बोडीची पाळ अंगणापासून सहाशे चाळीस पावलं. ही माझी पावलं आहेत, शिंगराची नव्हेत.

चोविसाव्या दिवशी आम्ही हापशीला पोचलो. मी ओट्यावर बसलो, मिलमधून आणलेल्या कोंड्याची मूठ शिंगराला दिली, वहीत २१२ लिहिलं आणि परत फिरलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बसायचं, कोंडा, लिहायचं, परत. न अडता, न बुजता, दोरी ढिली. बारा दिवस.

"भाऊ, आता पुढं न्या," बाई म्हणायची.

"एकदा पक्कं होऊ द्या."

पुढं मोहाची झाडं होती, फुलं वेचायला आलेल्या बायका होत्या, त्यांच्यामागं आलेली कुत्री होती. एखाद्या दिवशी शिंगरू तिथं बिथरलं असतं तर आकडा पडला असता, आणि तो मला पडू द्यायचा नव्हता. २१२ खाली २१२, त्याखाली २१२. काट्यावर इतकी वर्षं काढली, पण इतका सरळ रकाना कधी लिहिला नव्हता. संध्याकाळी उगाच वही उघडून मी तो पाहत असे.

मग गडचिरोलीला मेव्हणीच्या मुलीचं लग्न निघालं. तीन दिवस गेले. मांडवात मला बसवेना. जेवणाच्या पंगतीत मी मनात दिवस मोजत होतो. परतल्यावर अकरा उरणार होते. चारशे अठ्ठावीस पावलं, अकरा दिवस. दिवसाला एकोणचाळीस. जमण्यासारखं होतं.

आल्यावर पहिल्याच सकाळी हापशीवर न बसता पुढं निघालो. शिंगरू थांबलं. दोरीवर ताण दिला, ढिम्म. माझ्या खिशाकडं पाहिलं. मी कोंडा काढला आणि चार पावलं पुढं जाऊन मूठ धरली. त्यानं मान ताणली, ओठ लांब केले, पण पाय उचलला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. बाईला पुढं उभं केलं. तेच. अकरा दिवसांत त्या रकान्यात दहा वेळा २१२ आलं आणि एकदा २१४. त्या दोन पावलांचा आनंद मला दिवसभर पुरला होता. दुसऱ्या दिवशी तीही गेली.

बुद्धपौर्णिमेला विहारातून आलो तो तसाच बाईकडं गेलो. प्लास्टर निघालं होतं. ती डाव्या हातानं मातीचा गोळा मळत होती, उजव्यानं नुसता टेकू देत होती.

"बाई, उद्या ते बोडीला जाणार नाही," मी म्हणालो. "चूक माझी आहे. हापशी आली की काम संपलं, असं मीच त्याला बारा दिवस शिकवलं."

"म्हंजे पक्कं झालं मंग," ती म्हणाली.

तिनं गोळा उलटा केला, दोन थापा मारल्या.

"उद्या वजन बराबर सांगा," ती म्हणाली. "माझ्यासाठी कमी-जास्त करू नका. तुमच्या भरोशावर पैसे ठेवले त्यानं."

तेरा मे, मंगळवार, सकाळी सात. भट्टीवाला आला, सोबत टेम्पोचा ड्रायव्हर. टेम्पो डांबरी रस्त्यावर उभा केला होता. मुलगा आदल्या दिवशीच आला होता. पाच हजार भट्टीवाल्याच्या वरच्या खिशात होते, दिसत होते.

आधी पाय. मी चारही उचलून दाखवले. मग बाई पुढं झाली. मुलगा एकदम उठला, "माय, तू नको," म्हणाला. तिनं ऐकलं नाही. तिनं डाव्या हातानं एकेक पाय उचलला, खूर पालथा करून काडीनं साफ केला, ठेवला. मागचा उजवा पाय उचलताना शिंगरानं कान मागंपुढं केले, बस.

मग तिनंच दोरी घेतली. ढिली, मनगटाला न गुंडाळता. ती शिंगराच्या खांद्यापाशी चालत होती, आम्ही चौघं मागं, बरेच मागं. मी मोजत होतो. दोनशे दहा, अकरा, बारा. शिंगरू थांबलं. ओट्याकडं पाहिलं, तिथं मी बसलेलो नव्हतो याचं त्याला नवल वाटलं असावं.

दहा मिनिटं गेली. बाईनं दोन वेळा हलका ताण देऊन सोडला. बोडीकडून दोन बायका मोहाच्या टोपल्या घेऊन आल्या आणि काय चाललंय ते पाहत थांबल्या.

"झालं का?" भट्टीवाला मला म्हणाला.

सगळे माझ्याकडं पाहू लागले. माझ्या खिशात त्या दोन नोटा होत्या. मनात आलं, अजून अर्धा तास मागावा. पण अटीत वेळ मागायची सोय ठरलेली नव्हती.

"बोडी सहाशे चाळीसवर आहे," मी म्हणालो. "हे दोनशे बारावर थांबलं. अट पुरी झाली नाही."

बाईनं माझ्याकडं पाहिलंही नाही. तिनं दोरी भट्टीवाल्यापुढं धरली. "न्या, दादा."

भट्टीवाल्यानं शिंगराला रस्त्याच्या बाजूला वळवलं आणि ओढलं. शिंगरानं ढुंगण खाली घेतलं. त्यानं दोन्ही हातांनी ओढलं. ड्रायव्हर मागून ढकलायला गेला. मी "मागं नका" म्हणेपर्यंत लाथ बसली आणि त्याची एक चप्पल नालीत गेली. टोपल्यावाल्या बायका फिदीफिदी हसल्या. वीस मिनिटं हे चाललं. शिंगरू हापशीच्या पुढं एक पाऊल गेलं नाही, ना डावीकडं, ना उजवीकडं.

"पाय बांधू अन् उचलून टाकू," लंगडत ड्रायव्हर म्हणाला.

भट्टीवाला धापा टाकत ओट्यावर बसला. त्याबरोबर शिंगरानं मान सरळ केली, त्याच्याजवळ आलं आणि त्याच्या खिशाला तोंड लावलं.

"हे इथंच काऊन थांबते गा?" त्यानं मला विचारलं.

मी सगळं सांगितलं. बारा दिवस, कोंडा, वही, बसणं. विचारलेलं लपवण्यात अर्थ नव्हता.

"म्हंजे जिथं याले एकदा बसवलं, तिथं हे रोज थांबते?"

"तेवीसदा थांबलं. एकदा दोन पावलं पुढं गेलं."

"तुमच्या भट्टीवर गाढवं ओळीनं चालते न्हवं, दादा?" बाईनं विचारलं. आवाज अगदी साधा.

त्याच्या भट्टीवर मी एकदा कामानं गेलो होतो, तेव्हा पाहिलं होतं. अठरा गाढवं, एकामागं एक, माणूस फक्त शेवटच्या जनावराजवळ. चिखलापासून साच्यापर्यंत, साच्यापासून भट्टीपर्यंत. पुढचं चाललं की मागचं चालतं.

"एक थांबला का मागचे सतरा थांबन," तो शेवटी स्वतःशीच म्हणाला. मग ड्रायव्हरकडं वळून, "नाई रे बाबा. इतकं डोकं मले नाई पायजे. मले डोकं नसलेलं पायजे." मग माझ्यापुढं हात केला. "आण माझा हजार."

"अट मात्र तू हरली, माय," मुलगा म्हणाला.

"हरली तं हरली." बाईनं दोरी घेतली आणि शिंगराला घराकडं वळवलं. ते लगेच चालू लागलं, तिच्या खांद्याला खांदा लावून. मुलगा तिच्या उजव्या मनगटाकडं पाहत होता. दोरी ढिली होती, जमिनीला टेकेल इतकी. "गुंडाळू नको फक्त," तो मागून म्हणाला, आणि तोही त्यांच्यामागं गेला.

शिंगरू बोडीपर्यंत पोचलं ते चार जूनला. ते काम बाईनं केलं, गाढवीला पुढं घालून, रोज वेगळ्या ठिकाणी थांबून. माझ्यासाठी तिची एकच अट होती, की मी त्या हापशीवर बसायचं नाही. मिल सुरू होईपर्यंत मी ती पाळली. मी जे शिकवलं त्यामुळं शिंगरू राहिलं की माझ्या चुकीमुळं राहिलं, हे मी अजून नीट लावू शकलेलो नाही. वहीतला तो सरळ रकाना आता मला पाहवत नाही.

त्या दिवशीचा हिशेब मात्र हापशीवरच मिटला. एक हजार रुपये, त्याच दोन नोटा, भट्टीवाल्याला परत. ड्रायव्हरनं विचारलं, "अन् माझं भाडं?" भट्टीवाला म्हणाला, "मास्तरले माग. हापशी त्यानंच शिकवली." ते रास्त होतं. साडेतीनशे रुपये टेम्पोवाल्याला, माझ्या खिशातून.